जमल्यास स्लिप पाठवावी, ही विनंती

मराठी नोकरदार माणूस तसा भित्रा नाही. रिक्षावाल्याशी तो दोन रुपयांच्या सुट्ट्यावरून भर पावसात भांडतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत टाकी धुण्याच्या खर्चावरून खजिनदाराला घाम फोडतो. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा पातळ होता हे वधूपित्याला तोंडावर सांगतो. पण स्वतःच्या पगाराची स्लिप मागायची वेळ आली की याच माणसाचा आवाज एकदम खालच्या पट्टीत येतो आणि तो मेल लिहायला बसतो.

'मॅडम, नमस्कार. आपण कामात असाल याची कल्पना आहे. सवडीने, जमल्यास, मागील तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मिळू शकतील का? घाई नाही. तसदीबद्दल क्षमस्व.'

घाई नाही म्हणणाऱ्या या गृहस्थांचं गृहकर्ज परवा दुपारपर्यंत कागद न पोचल्यास लटकणार असतं. बिल्डरचा माणूस दिवसातून चारदा फोन करतोय, बायको संध्याकाळी दार उघडतानाच 'आली का?' विचारते, आणि हे लिहितात घाई नाही! क्षमा कसली मागताय राव? महिनाभर काम तुम्ही केलं, कापाकापी तुमच्या पैशांची झाली, आणि ती कशी झाली एवढं विचारल्याबद्दल माफीही तुम्हीच मागायची?

मॅडमचं उत्तर येतं, 'नोटेड.' एचआरच्या भाषेत याचा अर्थ मेल वाचली आहे, यापलीकडे काही कल्पना करून घेऊ नये. दोन दिवसांनी आठवण केली की 'सिस्टिम अपडेट होतेय' असं कळतं. आणखी दोन दिवसांनी 'व्हेंडरकडून आलेली नाही'. हा व्हेंडर कुठल्या तरी दुसऱ्या शहरात राहतो. त्याला कोणी पाहिलेलं नाही, त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही, पण कंपनीतल्या तमाम उशिरांचं खापर फोडायला त्याचं डोकं कायम हजर असतं. शेवटी साहेबांच्या कानावर जातं आणि साहेब तो सनातन प्रश्न विचारतात, 'अहो, पगार झालाय ना? मग स्लिप कशाला हवी?'

यातली खरी मेख पुढेच आहे. आपल्याकडे स्लिप मागणाऱ्या माणसाकडे संशयाने बघायची पद्धत आहे. स्लिप मागितली म्हणजे हा नोकरी सोडणार, हे ऑफिसात गृहीत असतं. सकाळी अकराला मेल गेली तर साडेअकराच्या चहाला शेजारचा विचारतो, 'काय, कुठे लागली?' आपण सांगावं, 'छे रे, लोन काढतोय.' तो डोळा मारून म्हणतो, 'हां हां, लोन!' दुपारी जेवणाच्या डब्याभोवती तुमचं नवं पॅकेजसुद्धा ठरलेलं असतं. म्हणून अनुभवी माणूस कारण आधीच तयार ठेवतो. मुलाची फी माफी, तहसीलदाराकडचा उत्पन्नाचा दाखला, सासऱ्यांना जामीन. एकाने तर 'हरवली म्हणून' असं कारण दिलं होतं. मुळात कधी मिळालीच नव्हती, पण 'हरवली' म्हटल्यावर दोष स्वतःकडे येतो आणि समोरच्याचं मन राहतं. काय ही माणुसकी!

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, आणि शक्यतो बसून ऐका. १९५० सालच्या केंद्रीय किमान वेतन नियमांत लिहिलं होतं की वेतनाची स्लिप कामगाराच्या हातात पगार वाटण्याच्या निदान एक दिवस आधी पडली पाहिजे. आधी, बरं का! म्हणजे आपला हिशेब माणसाने आदल्या रात्री निवांत वाचावा, बोटांवर बेरीज करावी, कुठे चुकलं वाटलं तर दुसऱ्या दिवशी पैसे घेतानाच विचारावं, अशी ती कल्पना. १९७१ च्या कंत्राटी कामगारांच्या नियमांतही ठेकेदाराला हेच सांगितलं होतं. कायदे करणारी माणसं किती आशावादी असतात, हे पाहायचं असेल तर कामगार कायद्यांच्या नियमांसारखं वाचन नाही.

आताचा कायदा म्हणजे वेतन संहिता. संसदेत मंजूर झाली २०१९ साली आणि अमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ ला. पगाराला उशीर होऊ नये म्हणून केलेल्या कायद्यालाच सहा वर्षं उशीर झाला. पण आत मजकूर चांगला आहे. कलम ५० सांगतं की प्रत्येक मालकाने कर्मचाऱ्यांना वेतनाची स्लिप द्यायची. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत. नोकरी सोडली किंवा काढलं तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत. यापूर्वी सात तारखेचं बंधन महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या पगारदारांनाच होतं. त्याच्यावर एक रुपया जास्त मिळणाऱ्याला आठ तारखेला भूक लागत नसावी असा सरकारचा समज होता. आता ही मर्यादा गेली आणि मॅनेजरलाही कायद्याने भूक लागू लागली.

ही सात तारीखसुद्धा आकाशातून पडलेली नाही. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या कमिशनपुढे ठेवलं. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्याच रांगेत एक मागणी होती की केलेल्या कामाचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. पंधरा! म्हणजे आधी किती उशीर होत असेल बघा. रविवार मिळाला १८९० साली. पगाराच्या तारखेचा कायदा यायला १९३६ उजाडलं. त्यात हजाराहून कमी माणसं असलेल्या कारखान्यांना सात दिवस दिले आणि मोठ्या कारखान्यांना दहा. मुंबईच्या बहुतेक गिरण्या मोठ्याच. म्हणजे ५२ वर्षं झगडून गिरणगावाने पंधरावरून दहावर मजल मारली. दहा वर्षांनी जेमतेम एक दिवस. आमच्या मॅडम त्या मानाने फास्ट म्हणायच्या.

बरं, समजा स्लिप आली. येतेही कधीकधी. पीडीएफ येते आणि तिला कुलूप असतं. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत, पुढे जन्मतारीख आणि महिना. ज्यांचं नाव उमा त्यांनी काय करायचं? यू, एम, ए आणि चौथं कुठून आणायचं? आमच्याकडच्या एका उमाताईंना आडनावाचं पहिलं अक्षर घ्यायला सांगितलं. उघडेना. मग वडिलांच्या नावाचं. तेही नाही. मग नावापुढे स्पेस देऊन पाहिली. अखेर कळलं की रेकॉर्डला त्यांची जन्मतारीखच एक जून लागली आहे. शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली नव्हे, एचआरने लावलेली. कंपनीतल्या निम्म्या लोकांचे वाढदिवस त्या दिवशी साजरे होतात आणि एकच केक पुरतो.

कुलूप उघडलं की आत तळाशी एक ओळ असते : 'ही संगणकाने तयार केलेली स्लिप असून सहीची आवश्यकता नाही.' ही ओळ वाचून माणूस निर्धास्तपणे बँकेत जातो. बँकेतला तरुण स्लिप उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, 'यावर सही-शिक्का आणा.' आपण ती ओळ दाखवावी. तो म्हणतो, 'ते त्यांचं झालं. आमच्याकडे लागतो.' परत ऑफिसात यावं, तर मॅडम म्हणतात, 'आम्ही सही देत नाही, पॉलिसी आहे.' मग ओळखीच्या शिपायाला गाठायचं. शिक्का कुठल्या खणात असतो हे सबंध ऑफिसात त्यालाच ठाऊक असतं.

स्लिपच्या आतला मजकूर मात्र खरोखर वाचण्यासारखा आहे. कोणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी. आपण डोळे मिटून उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात उडी मारतो. 'कटून हातात किती?' एवढाच आपला अभ्यास. डावीकडे कमाई असते. बेसिक, घरभाडे भत्ता, आणि सगळ्यांत गुबगुबीत असा 'स्पेशल अलाउन्स'. यात स्पेशल काय, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. बेसिक वाढला तर त्याच्यावर बारा टक्के पीएफ वाढतो, ग्रॅच्युइटी वाढते, म्हणून बेसिक बारीक ठेवून उरलेलं सगळं ज्या पोत्यात कोंबतात त्याला स्पेशल अलाउन्स म्हणतात. नव्या संहितेने यावर तोड काढली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. त्यामुळे सध्या बऱ्याच कंपन्यांत बेसिकला बाळसं धरायला लावण्याचे प्रयोग चालू आहेत, आणि स्पेशलचं वजन उतरतंय. या उलाढालीत तुमच्या हातात येणारा आकडा कमी झाला की वाढला, आणि का, हे कळायचं साधन एकच. तीच ती, व्हेंडरकडे अडकलेली.

उजवीकडे कपात. त्यात व्यवसाय कर पाहा. महाराष्ट्राने तो १९७५ साली आणला, रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून. राज्यघटनेने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. दरमहा २०० घेतले तर बारा महिन्यांचे होतात २,४००. उरलेले शंभर सोडून देईल ते सरकार कसलं? म्हणून फेब्रुवारीत ३०० कापतात. वर्षातला सगळ्यांत लहान महिना निवडून त्याच्यावर सगळ्यांत मोठी कपात ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची मला एकदा भेट घ्यायची आहे. यात २०२३ साली एक बदल झाला. महिना २५,००० पर्यंत पगार असणाऱ्या स्त्रियांना हा कर माफ झाला. आता एखाद्या ताईच्या पगारातून अजूनही दोनशे जात असतील तर तिला ते कळणार कसं? बँकेच्या मेसेजमध्ये 'जमा' एवढंच येतं. काय जमलं नाही, ते येत नाही.

शिवाय जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीचे किरकोळ पैसे जातात. ते पाहून लोक दचकतात आणि 'हे काय नवीन?' म्हणून वर्षातून दोनदा विचारतात. आणि ग्रॅच्युइटी! ती स्लिपेत नसते, पण नोकरी देताना सांगितलेल्या पॅकेजात असते. बेसिकच्या ४.८१ टक्के. कायम नोकरीत पाच वर्षं टिकलात तर मिळेल अशी ही रक्कम पहिल्या दिवसापासून तुमच्या वार्षिक उत्पन्नात मोजलेली असते. लग्नाच्या बैठकीत मुलाचा मामा पॅकेज सांगतो आणि मुलीचे वडील, हल्ली हुशार झालेत, हळूच म्हणतात, 'स्लिप पाहायला मिळेल का?' पत्रिका जुळलेली असते, गुण छत्तीसपैकी तीस. पुढचं स्लिपवर. किती स्थळं मंगळामुळे मोडली याची चर्चा फार होते, स्पेशल अलाउन्समुळे मोडलेल्यांची कोणी करत नाही.

आमचा भाचा मेलबर्नला असतो. तिथल्या कायद्याप्रमाणे पगार झाल्यापासून एका कामाच्या दिवसात स्लिप द्यावी लागते, माणूस रजेवर असला तरी. त्याला एकदा ती दोन दिवस उशिरा आली तर त्याने म्हणे तक्रार केली. हाच मुलगा हिंजवडीत होता तेव्हा 'जमल्यास'शिवाय मेल लिहीत नसे.

हसण्यावारी नेण्यासारखं हे सगळं ऑफिसवाल्यांचं. आमच्या इमारतीच्या गेटवर एजन्सीकडून आलेले वॉचमनकाका आहेत. त्यांना विचारलं, 'काका, पगाराची स्लिप मिळते का?' म्हणाले, 'मिळते की, मोबाईलवर!' आणि अभिमानाने दाखवली. बँकेचा मेसेज होता तो. अमुक रुपये जमा. किती दिवस भरले, ओव्हरटाइम किती धरला, कापले किती, कशापायी, काही नाही.

'पीएफ कापतात?'

'कापतात म्हणतात.'

'आणि भरतात का?'

'ते आपल्याला कोण सांगणार साहेब?'

काकांना आपला पीएफचा बारा आकडी यूएएन नंबर माहीत नव्हता. स्लिपवर छापलेला असता तर नातवाने मोबाईलवर पासबुक उघडून दाखवलं असतं. कामगाराच्या पगारातून पीएफ कापून घ्यायचा आणि भरायचा नाही, हा फौजदारी गुन्हा आहे. पण कापला होता हे आधी दाखवता आलं पाहिजे, आणि दाखवायचा कागद म्हणजे स्लिप. एजन्सीला विचारलं तर 'सोसायटीचं बिल थकलंय' म्हणतात, सोसायटीला विचारलं तर 'तो एजन्सीचा प्रश्न'. जुन्या कंत्राटी कामगार कायद्याने यावरही उत्तर दिलेलं होतं आणि त्याच्या जागी आलेल्या संहितेतही ते आहे. ती लागू असेल तिथे ठेकेदाराने पगार दिला नाही तर ज्याच्याकडे काम चालतं त्याने द्यायचा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचा. स्लिप न देण्यामागे दर वेळी आळसच असतो असं समजू नका. कागद नसला की भांडण तोंडी राहतं, आणि तोंडी भांडणात ठेकेदार कधी हरत नाही.

आणि याच महाराष्ट्रात, एकही सॉफ्टवेअर न वापरता, हिशेबाची एक चोख पद्धत घरोघर चालू आहे. स्वयंपाकघराच्या दारामागे 'कालनिर्णय' टांगलेलं असतं. १९७३ पासून त्यात तिथी, वार, संकष्टीचा चंद्रोदय छापून येतो आणि आपण त्याच्यावर पेनाने कामवाल्या मावशींचे खाडे लिहितो. महिनाअखेरीला मावशी पदराला हात पुसत त्या दारामागे जाऊन उभ्या राहतात.

'वहिनी, हा चवदा तारखेचा खाडा कुठला?'

'अहो, तुम्ही आला नव्हतात.'

'मी आले होते. कुलूप होतं. तुम्हीच नाशिकला गेला होता, मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला.'

वहिनी गप्प. खाडा खोडला जातो. पैसे देण्याआधी हिशेब समोर, तक्रार तिथल्या तिथे, दुरुस्ती लगेच. १९५० च्या नियमाला जे हवं होतं ते एवढंच. मावशींना तो नियम ठाऊक नाही. त्या 'जमल्यास' म्हणत नाहीत आणि तसदीबद्दल क्षमाही मागत नाहीत. नोकरी सोडताय का, असं त्यांना विचारायची तर कोणाची छाती नाही.

तेव्हा एवढं करा. दर महिन्याच्या आठ तारखेला स्लिप आली का बघा. नसेल तर लेखी मागा, तारीख घालून, प्रत वरच्या साहेबांना. महिनोन्महिने दादच लागली नाही तर सरकारी कामगार अधिकाऱ्याचं कार्यालय त्यासाठीच आहे. आली तर उजव्या कोपऱ्यात उडी न मारता वरपासून वाचा : दिवस किती धरले, पीएफ किती, तो पासबुकात पडला का. आणि लॉगिन चालू आहे तोवर जुन्या सगळ्या स्लिपा उतरवून स्वतःकडे ठेवा. कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवू नका, राजीनाम्यानंतर पहिला तोच काढून घेतात.